व्हेंटिलेटरवरच्या मुलाला व्यायाम कशासाठी?

अतिदक्षता विभागात दाखल असलेल्या मुलांच्या फिजिओथेरपीविषयी मागच्या अंकात ओझरता उल्लेख केला होता, आणि त्यावर पालकांची एवढी पत्रे येतील असे मला वाटले नव्हते. कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातल्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची आणि रुग्णालयांची नावे गाळली आहेत. मी उत्तरे देते आहे ती गेली सतरा वर्षे कोल्हापुरात लहान मुलांची फिजिओथेरपी करणारी बाई म्हणून; तुमच्या मुलाविषयीचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे, हे लक्षात ठेवून ती वाचावीत.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात तिला जुलाब झाले, ते थांबल्यावर दहा-बारा दिवसांनी तिचे पाय लटपटू लागले आणि दोन दिवसांत तिला उठून बसता येईना. कोल्हापुरात आणल्यावर जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) हा नसांचा आजार असल्याचे निदान झाले. पुण्यातल्या साथीच्या बातम्या वाचलेल्या असल्याने नाव ऐकूनच आमचे हातपाय गळाले. श्वास घेण्याचे स्नायू दुबळे पडल्यामुळे ती एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होती. चौथ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या आणि काही न बोलता तिचे पाय हलवू लागल्या. घशात नळी असल्याने मुलीच्या रडण्याला आवाज नव्हता, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. मी हात जोडून त्यांना थांबवले आणि पुढचे तीन दिवस व्यायाम करू दिला नाही. नंतर नळी तशीच असताना तिघांनी मिळून तिला पलंगाच्या काठावर बसवले, तेव्हा तर मी बाहेर पळून गेले. आता ती घरी आहे, भिंतीला धरून चालते, पण दोन्ही पायांचे चवडे उचलत नाहीत. मिस्टर म्हणतात, तू तेव्हा अडवलेस म्हणून पाय असे राहिले. हे खरे आहे काय? आणि मशीनवर असलेल्या लेकराला व्यायाम द्यायची एवढी घाई कशासाठी असते? शिवाय सरकारी माणसे येऊन तिच्या शौचाचे दोन नमुने घेऊन गेली, ती कशासाठी, हेही आम्हाला कोणी सांगितले नाही.
— एक आई, कागल तालुका

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि एवढा परिच्छेद तुम्ही मिस्टरांना आवर्जून वाचायला द्यावा. जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते, आणि जुलाबाला कारणीभूत ठरणारा कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू त्याचे एक नेहमीचे निमित्त असतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जी साथ आली, तिच्या तपासातही हा जिवाणू आणि दूषित पाणी यांचाच माग लागला होता. नसांची झालेली हानी भरून यायला काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात, आणि जी नस सर्वांत लांबवर पोचते तिच्या टोकाचा स्नायू सर्वांत उशिरा जागा होतो. मांडीत जोर आधी येतो आणि चवड्यात शेवटी, तो या आजाराचा स्वभाव म्हणून. तुम्ही तीन दिवस कोणाला अडवलेत म्हणून नव्हे.

तीन दिवस व्यायाम न झाल्याने फार तर एक गोष्ट बिघडू शकली असती, ती म्हणजे पोटरीचा स्नायू आखडणे, आणि ती तुम्हाला घरीच तपासता येईल. मुलीला उताणे झोपवा, तिचा गुडघा सरळ ठेवा, टाच आपल्या तळहातात घ्या आणि चवडा हळूहळू तिच्या नडगीच्या दिशेने न्या. पाऊल नडगीशी काटकोनात आले आणि त्याच्याही थोडे पुढे गेले, तर पोटरी आखडलेली नाही, नुसता जोर यायचा राहिला आहे, आणि जोर येईपर्यंत पायात स्प्लिंट (पाऊल काटकोनात धरून ठेवणारा आधार) घालून चालवणे एवढेच काम शिल्लक आहे. पाऊल काटकोनाच्या अलीकडेच अडत असेल, तर मात्र उशीर न करता दाखवून घ्या. तेही बहुतेक वेळा ताण देऊन आणि योग्य स्प्लिंट वापरून सुटते. मोठ्या माणसांच्या मानाने मुलांची या आजारातली सुधारणा चांगली असते.

आता घाईविषयी. निरोगी मूल झोपेतसुद्धा रात्रभर कूस बदलते, पाय झाडते, पांघरूण लाथाडते. गुंगीच्या औषधाखाली असलेले किंवा लुळे पडलेले मूल यांतले काहीच करत नाही, आणि स्नायूंचे असे आहे की त्यांना काम नसले की ते पहिल्या आठवड्यातच झडू लागतात. आपल्याकडे खासबागेत उतरणाऱ्या पैलवानाची मेहनत पंधरा दिवस सुटली की मांडीत फरक दिसतो, हे कोणाला सांगायला नको. मग आजारी, तापलेल्या, नाकातल्या नळीने पोट भरणाऱ्या सात वर्षांच्या मुलीचे काय होत असेल, याचा अंदाज करता येईल. श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, आणि मशीन त्याचे काम करू लागले की तोही पातळ होत जातो, त्यामुळे नळी काढणे लांबते. पाठीवर सतत पडून राहिल्याने फुप्फुसाच्या मागच्या भागात कफ साचतो. पायावरच्या ब्लँकेटच्या नुसत्या वजनाने चवडे खाली वळतात आणि तसेच आखडतात. यातली प्रत्येक गोष्ट आजार बरा झाल्यानंतर दुरुस्त करायला आठवडे लागतात आणि आधीच टाळायला रोजची वीस-पंचवीस मिनिटे पुरतात.

पूर्वी आम्हीही ‘आधी बरे होऊ दे, मग बघू’ असेच म्हणत होतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा विचार बदलला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ‘पीआयसीयू अप’ (पीआयसीयू म्हणजे मुलांचा अतिदक्षता विभाग) नावाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला, ज्यात मुलाची त्या दिवशीची अवस्था पाहून त्याला तीन पायऱ्यांपैकी एका पायरीवर ठेवायचे आणि त्या पायरीला झेपेल एवढीच हालचाल द्यायची, अशी रीत होती. अगदी अस्थिर मुलाला नुसते कुशीवर वळवणे आणि सांधे सैल ठेवणे, तर सावरलेल्या मुलाला नळीसकट बसवणे, उभे करणे. त्या हालचालींमुळे कोणत्याही मुलाला इजा झाली नाही, असे त्यांच्या पाहणीत दिसले. याचा अर्थ कोणालाही केव्हाही उठवून बसवावे असा नाही. रक्तदाबाची औषधे वाढवावी लागत असतील, डोक्यातला दाब वाढलेला असेल किंवा मोडलेले हाड अजून पक्के केलेले नसेल, तर आम्ही बसवण्याचे नावही काढत नाही.

तुम्ही ज्या प्रसंगातून पळून गेलात, तो आतून कसा असतो हे सांगते, कारण तो दारातून पाहिला की मूल पडणार असेच वाटते. नळीवर सेंटिमीटरचे आकडे छापलेले असतात. सात वर्षांच्या मुलाच्या ओठापाशी साधारण १५ किंवा १६ चा आकडा येतो, आणि सुरुवात करण्याआधी आम्ही तो मोठ्याने वाचतो. एक जण फक्त नळी धरतो. त्याने दुसरे काहीही करायचे नसते, मूल हसले तरी हात सोडायचा नसतो. दुसरा पाठीमागे बसून मुलाची पाठ आपल्या छातीला टेकवतो. तिसरी सिस्टर सलाईन, लघवीची पिशवी आणि मॉनिटरच्या वायरी एका बाजूला घेते. मग मुलाला आधी कुशीवर, मग कोपरावर, मग बसते करायचे, आणि पाय हवेत लोंबकळू न देता स्टुलावर टेकवायचे. तळव्याला काहीतरी टणक लागले की मुलाच्या चेहऱ्यावरची भीती निम्मी उतरते, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. जीबीएसमध्ये बसवल्याबरोबर रक्तदाब आणि नाडी वरखाली होतात, म्हणून एक नजर सतत मॉनिटरवर असते, आणि ठरवलेल्या मर्यादेच्या बाहेर आकडा गेला की दोन मिनिटांतसुद्धा परत झोपवतो. शेवटी ओठापाशी पुन्हा आकडा वाचतो. पहिल्या दिवशी हा सगळा खटाटोप तीन-चार मिनिटांच्या बसण्यासाठी असतो.

तुमच्या मुलीच्या रडण्याविषयी मला वेगळे बोलायचे आहे, कारण त्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात. जीबीएसमध्ये नसांच्या वेदना फार तीव्र असतात. काही मुलांना अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. तेव्हा तुमचे हात जोडणे ही आम्हाला मिळालेली माहिती होती, आणि तिचा योग्य उपयोग म्हणजे वेदनेचे औषध देऊन, ते लागू पडायला वेळ देऊन मग यावे आणि पाय निम्म्याच कोनातून, हळू हलवावेत. त्याऐवजी एका बाजूने ‘करू द्या’ आणि दुसऱ्या बाजूने ‘करू नका’ एवढेच झाले, आणि तीन दिवस गेले. दोष वाटायचाच असेल तर तो आमच्या बाजूला जास्त आहे. मी नोकरीला लागले त्या पहिल्या रुग्णालयात मीदेखील अशीच जात असे: फाइल पाहायची, हातमोजे चढवायचे, व्यायाम द्यायचा, सही करायची. एका आईने एकदा मला विचारले, “बाई, रोज येऊन तुम्ही त्याचे पाय का पिळता?” ती माऊली नऊ दिवस मला रोज पाहत होती आणि मी नऊ दिवसांत तिला एक वाक्य सांगितले नव्हते. त्यानंतर मी पलंगाशी गेले की आधी मुलाला आणि मग आईला सांगते: आता काय करणार, किती वेळ, आणि कशाने थांबणार. शिवाय आईच्या हाती एक काम देते. तुमच्या वेळी ते काम म्हणून टाच धरायला दिली असती, तर बहुधा तुम्ही बाहेर गेला नसता.

शौचाच्या नमुन्यांचे कारण पोलिओ. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आला, तर तो पोलिओ नाही याची खात्री करण्यासाठी, कारण काहीही असले तरी, चोवीस तासांच्या अंतराने दोन नमुने पाठवावेच लागतात. भारत ज्यात येतो तो जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग २०१४ च्या मार्चमध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, तो याच पाळतीच्या जोरावर. साठ दिवसांनी कोणी पुन्हा तपासायला आले तर घाबरू नका. चवड्यात किती जोर आला हे ते पाहतील, आणि तेव्हा तुम्हीही विचारून घ्या.

प्रश्न : आमचा मुलगा अकरा वर्षांचा. रात्री जमिनीवर झोपलेला असताना त्याला मण्यार चावली. पहाटे पोट दुखते म्हणाला, थोड्या वेळाने पापण्या मिटू लागल्या. सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. अंगाने आता ठणठणीत आहे, पण रात्री किंचाळून उठतो, शाळेत लक्ष नाही, लहान भावाच्या अंगावर ओरडतो. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर छतावर मुंग्या चालल्या आहेत असे सांगत होता. सर्वांत वाईट म्हणजे तो बेशुद्ध असताना त्याच्या मामाने पलंगाशी ‘आता ह्याचं काय खरं न्हाई’ असे म्हटले होते, ते तो शब्दशः सांगतो. घरचे म्हणतात बाहेरचे काहीतरी लागले आहे, जोतिबाला नेऊन आणा. व्यायाम करणाऱ्या सरांनी शरीराचे सगळे केले, पण याचे काय करायचे?
— एक वडील, पन्हाळा तालुका

उत्तर : तुमचा मुलगा बेशुद्ध नव्हता. मण्यारीचे विष नसा आणि स्नायू जिथे जुळतात त्या टोकांवर काम करते; पापणी उघडत नाही, बोट हलत नाही, श्वास घेता येत नाही, पण ऐकू येत असते आणि कळत असते. अशा रुग्णाकडे पाहून मेंदू गेला असे अनुभवी माणसालाही वाटू शकते. म्हणून मण्यार चावलेल्या मुलाशी, तो कितीही निपचित असला तरी, जागे असल्यासारखेच बोलायचे असते, आणि त्याच्या पलंगाशी कोणीही, डॉक्टरांनीसुद्धा, काय बोलायचे हे सांभाळायचे असते. मामांनी ते दुःखाने म्हटले असणार. त्यांनीच एकदा मुलाजवळ बसून ‘मला वाटले तू ऐकत नाहीस, मी घाबरलो होतो’ असे सांगावे, हा माझ्या मते पहिला उपाय आहे, आणि तो बाहेरच्या कोणाला करता येणार नाही.

छतावरच्या मुंग्यांना डॉक्टर डेलिरियम म्हणतात. गुंगीची औषधे, रात्रंदिवस चालू असलेले दिवे, तुटक झोप आणि ओळखीचा चेहरा नसणे, यांमुळे मेंदूचा तात्पुरता गोंधळ उडतो. काही रुग्णालयांत सिस्टर प्रत्येक पाळीत आठ प्रश्नांच्या आधारे हे मोजतात, कारण शांत पडून राहिलेल्या मुलाचा गोंधळ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दिवसा खिडकीचा पडदा उघडणे, घड्याळ दिसेल असे ठेवणे, चष्मा असेल तर तो लावणे, घरचा आवाज ऐकवणे आणि दिवसा हालचाल देऊन रात्री झोप लागेल असे पाहणे, हाच त्यावरचा मुख्य उपाय आहे. म्हणजे व्यायाम केवळ पायांसाठी नसतो.

घरी आल्यानंतर उरलेल्या त्रासालाही नाव आहे. अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्या माणसांच्या या मागे रेंगाळणाऱ्या त्रासाला २०१२ साली तज्ज्ञांनी ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ असे एकत्रित नाव दिले, आणि २०१८ मध्ये मुलांसाठी त्याची वेगळी मांडणी झाली. तीत शरीर, बुद्धी, भावना आणि शाळा-मित्रांतला वावर अशी चार अंगे धरली असून आईवडील आणि भावंडे यांनाही त्यात जागा दिली आहे. तुमचा धाकटा मुलगाही यातून गेलेला आहे, तेव्हा त्याच्यावरच्या ओरडण्याची दखल दोघांच्या बाजूने घ्या.

जोतिबाला जरूर जाऊन या, गुलाल लावून आणा. त्याबरोबर एक वही करा. साप चावला ती रात्र, गाडी कोणती केली, कोणत्या दिवशी नळी घातली, छतावरच्या मुंग्या कधी दिसल्या, पहिले बोट कधी हलले, पहिला घास काय खाल्ला, हे त्याला विचारून, तुमच्या आठवणी घालून, तारखेनुसार लिहून काढा आणि फोनमध्ये फोटो असतील तर चिकटवा. मुलांच्या मनात त्या दिवसांचे तुकडे सुटे पडलेले असतात आणि रात्री तेच अंगावर येतात. ते ओळीने लागले की त्यांची धार कमी होते. शाळा काही दिवस अर्धा वेळच ठेवा आणि वर्गशिक्षकांना स्पष्ट सांगा. घरी येऊन महिना उलटला तरी झोप सुधारली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यात कमीपणा मानू नका. आणि पुढच्या पावसाळ्याआधी सगळ्यांसाठी खाटा आणि मच्छरदाण्या घ्या.

प्रश्न : मी तालमीत वाढलेला माणूस आहे. माझा पाच महिन्यांचा नातू छातीतल्या सर्दीने चार दिवस आयसीयूत होता. डॉक्टर ब्राँकियोलायटिस म्हणाले. शेजारच्या पलंगावरच्या मुलाची छाती रोज दोनदा ठोकून कफ काढत होते. आमच्या नातवाला फिजिओथेरपिस्ट एकदाच बघून गेले आणि ‘गरज नाही’ म्हणाले. मी तेल लावून अंग चोळून देतो म्हटले तर त्यालाही नकार. ही हयगय नव्हे काय?
— एक आजोबा, गंगावेश, कोल्हापूर

उत्तर : आजोबा, हयगय नव्हे. त्या थेरपिस्टने काही न करण्याचा निर्णय घेतला, आणि आमच्या धंद्यात तो घेणे करण्यापेक्षा अवघड असते, कारण घरच्यांना हात चाललेले दिसावे लागतात. ब्राँकियोलायटिसमध्ये श्वासाच्या सर्वांत बारीक नळ्या सुजलेल्या असतात. बाहेरून ठोकून ती सूज उतरत नाही, उलट आधीच धापा टाकणारे बाळ दमते, म्हणून या आजारात छातीची फिजिओथेरपी सरसकट देऊ नये असेच शास्त्र सांगते. नाक साफ ठेवणे, डोके किंचित उंच ठेवणे, गरजेपुरता ऑक्सिजन आणि थोडे थोडे दूध, यावरच अशी बहुतेक बाळे सावरतात. शेजारच्या मुलाच्या फुप्फुसाचा एखादा भाग कफाने मिटलेला असेल किंवा त्याला खोकण्याचा जोर नसेल. त्याचा आजार वेगळा, म्हणून त्याचे उपचार वेगळे.

तेलाने मॉनिटरचे चिकटवलेले पॅच आणि नळ्यांच्या पट्ट्या सुटतात, आणि सुटलेली पट्टी म्हणजे निघालेली सुई. पण तुमच्या हाताचे काम होते. एक तळहात बाळाच्या माथ्यावर आणि दुसरा दुमडलेल्या पावलांवर नुसता ठेवायचा, चोळायचे नाही, थोपटायचे नाही, पाच-दहा मिनिटे तसेच राहायचे; सुई टोचताना किंवा सक्शननंतर, म्हणजे नळीने कफ ओढून काढल्यावर, बाळ याने शांत होते. जोर न लावणे तालमीतल्या हाताला जड जाईल, हे मला ठाऊक आहे. घरी आल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटले की, तेल जरूर लावा.

प्रश्न : मेंदूज्वरामुळे माझी चार वर्षांची मुलगी पाच आठवडे कोल्हापुरात दाखल होती, त्यातले तीन आयसीयूत. तिथे थेरपी रोज होत होती आणि आम्हाला त्याचाच आधार वाटायचा. आज मान धरली, आज चेंडूकडे पाहिले, असे मी रोज घरी फोन करून सांगत असे. घरी सोडताना आठवड्यातून तीनदा थेरपीला आणा म्हणाले. गाव चंदगडच्या पलीकडे, एका बाजूलाच शंभर किलोमीटरच्या वर. मी ऊसतोडीच्या हंगामात वाहनावर जातो. तीनदा कसे आणणार? नाकात दुधाची नळी अजून आहे. आजी म्हणते दोन चमचे पाणी तोंडाने दिले तर काय बिघडते?
— एक वडील, चंदगड तालुका

उत्तर : आजीचे आधी सांगते, कारण ते तातडीचे आहे: पाणी देऊ नका. बऱ्याच दिवसांच्या नळीनंतर आणि मेंदूच्या आजारानंतर गिळण्याचे स्नायू बेताल होतात, पाणी श्वासनलिकेत उतरते आणि अशा मुलाला ठसकाही लागत नाही, त्यामुळे काही झाले नाही असे वाटते आणि आठवड्याने न्यूमोनिया होतो. पातळ पाणी गिळायला सर्वांत अवघड असते. गिळणे तपासून घेईपर्यंत आजींनी ओल्या कापडाने ओठ आणि हिरड्या पुसाव्यात. तेवढ्याने तोंड कोरडे पडत नाही आणि त्यांचा जीवही शांत होईल.

थेरपीसाठी तीन फेऱ्या शक्य नाहीत हे सोडताना कोणी विचारले नाही, हे मला खटकले. घर कुठे आहे हे विचारल्याशिवाय सांगितलेली थेरपी म्हणजे नुसती कागदावरची थेरपी. महिन्यातून एक-दोनदा या, आणि त्या फेरीत मुलीच्या आईकडून प्रत्येक व्यायाम थेरपिस्टसमोर करवून घ्या, फोनवर चित्रण करा. नुसते पाहून घेतलेला व्यायाम घरी गेल्यावर वेगळाच होतो. मधल्या काळात गडहिंग्लजच्या फिजिओथेरपिस्टला ते चित्रण दाखवून आठवड्याला एकदा तपासून घेता येईल. एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, तेव्हा हंगामात तुम्हाला सुट्टी नसली तरी आई आणि आजी दोघी मुलीला घेऊन येऊ शकतात.

खर्चाचे दोन मार्ग आहेत. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे, तिथे फिजिओथेरपी आणि वाचा-गिळण्याचे उपचार यांना पैसे पडत नाहीत. चौकशी सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी. पुन्हा दाखल करायची वेळ आलीच, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते हे दाखल होतानाच आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) विचारा, बिल हातात आल्यावर नव्हे.

घरी सर्वांत उपयोगी पडेल ती कोपऱ्याची खुर्ची, आणि ती गावच्या सुताराकडून होते. पाठीला दोन फळ्या काटकोनात जोडायच्या म्हणजे मुलगी कोपऱ्यात बसल्यासारखी बसते, खांदे पुढे येतात आणि मान धरायला सोपे जाते. समोर ताट राहील एवढा पाट लावायचा. तीन मापे घ्यावी लागतील: गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून टाचेपर्यंत, पाठीपासून त्याच खळगीपर्यंत, आणि बसलेल्या अवस्थेत बुडापासून काखेपर्यंत. दुसऱ्या मापातून दोन बोटे कमी करायची, नाहीतर फळीची कड पोटरीला रुतते. मापे या स्तंभाच्या पत्त्यावर कळवलीत तर मी आकृती काढून पाठवते. सुताराला आकृतीवरून लगेच कळेल.